शाळा फ्लॅट देतेय, घेऊ का पैसे मागू?

पत्र:

ताई नमस्कार, मी कोल्हापूरची, वय ३४, बी.एड. झालंय आणि नऊ वर्षं इंग्लिश मीडियमला गणित शिकवतेय. दुबईच्या एका ब्रिटिश करिक्युलमच्या शाळेत माझं सिलेक्शन झालंय, ऑगस्टच्या शेवटी जॉइन व्हायचंय, दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट आहे. त्यांनी दोन ऑप्शन दिलेत. एक, महिना ६५०० दिरहम आणि शाळेचा फर्निश्ड फ्लॅट, टू बेडरूम, दुसऱ्या एका टीचरबरोबर शेअरिंग, लाइटबिल आणि जाण्यायेण्याची बस त्यांची. दुसरा, फ्लॅट नको असेल तर ९००० दिरहम ऑल इन्क्लुझिव्ह, राहायचं तुमचं तुम्ही बघा. मिस्टरांचं म्हणणं पैसे घे, त्यांचा आतेभाऊ शारजाला असतो, त्याच्याकडे राहिलं तर महिन्याचे २५०० सरळ वाचतील. मुलगी सहा वर्षांची आहे, सध्या ती सासूबाईंकडे राहील, पण पुढच्या वर्षी तिला आणि मिस्टरांना तिकडे न्यायचा विचार आहे. शाळेला फार प्रश्न विचारले तर ऑफर हातची जाईल अशी भीती वाटते. काय करू?

स., कोल्हापूर

उत्तर:

अगं स., आधी अभिनंदन, आणि मी तुला तूच म्हणणार कारण तुझं पत्र वाचताना मला माझीच ती ऑगस्टमधली बॅग आठवली, अर्धी पापड-मसाल्यांनी भरलेली. मी अकरा वर्षं दुबईत शिकवलं, पहिली चार शाळेच्या फ्लॅटमध्ये आणि पुढची सात स्वतःच्या भाड्याच्या घरात. म्हणजे तू विचारतेयस त्या दोन्ही गोष्टी करून बसलेली आहे मी.

सरळ सांगते, पहिल्या वर्षी फ्लॅट घे. मिस्टरांना राग येईल, येऊ दे, हिशोब दाखव त्यांना.

२५०० दिरहम म्हणजे आजच्या भावाने साठ हजार रुपयांच्या जवळपास, एवढे पैसे दर महिन्याला "सरळ वाचतील" म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यात चमक येणारच, मी त्यांना दोष देत नाही. पण ते वाचतात कधी, तर आतेभाऊ दोन वर्षं फुकट ठेवून घेणार असेल तर. आणि शारजातल्या वन बीएचकेमध्ये नवरा, बायको, त्यांची दोन पोरं आणि तू, हॉलमधल्या सोफ्यावर, रात्री अकराला टीव्ही बंद व्हायची वाट बघत, पहाटे पावणेपाचचा अलार्म लावून. पहिला महिना सगळे "अगं घर तुझंच आहे" म्हणतात, तिसऱ्या महिन्यात वहिनी भांडी जरा जोरात ठेवायला लागतात. ती वाईट असते म्हणून नाही गं, तिचं घर असतं म्हणून.

आणि पावणेपाच मी उगाच नाही म्हटलं. शारजा आणि दुबई मॅपवर चिकटलेली दिसतात, पण सकाळी शारजाहून दुबईत शिरणारा जो अल इत्तिहाद रोड आहे त्यावर गाड्या अशा उभ्या असतात की बस. दुबई मेट्रो शारजात जात नाही. शाळेची बस फक्त शाळेच्या बिल्डिंगखाली येते, शारजाला आतेभावाच्या दारात येणार नाही, आणि टीचरला साधारण सात-सव्वासातला शाळेत हजर लागतं. मग एक तर कारपूलवाला शोधायचा (तिकडे "कारलिफ्ट" म्हणतात, परवान्याशिवाय पैसे घेऊन माणसं नेणं बेकायदेशीर आहे तरी सर्रास चालतं) नाही तर बस आणि मेट्रो असे दोन-तीन बदल करायचे. माझी एक सहकारी असं वर्षभर करत होती, चौथ्या तासाला स्टाफरूममध्ये डोकं टेबलावर ठेवून झोपायची, तिला आम्ही कुणी उठवायचो नाही.

बरं, आतेभाऊ नको, स्वतःचं घर घेते म्हणालीस तर त्याचाही हिशोब बघ. इकडे आपल्याला वाटतं भाडं म्हणजे महिन्याचं. तिकडे भाडं वर्षाचं सांगतात आणि चेकमध्ये मागतात, पुढच्या तारखांचे चेक आधीच लिहून द्यायचे, कुणी चार घेतो, कुणी दोन, कुणी एकच. समज वर्षाला ६०,००० दिरहमचं घर मिळालं आणि मालक चार चेकवर तयार झाला, तर पहिला चेक १५,०००. डिपॉझिट पाच टक्के म्हणजे ३०००, फर्निश्ड असेल तर दहा टक्के मागतात. एजंटचं कमिशन पाच टक्के म्हणजे आणखी ३००० आणि त्यावर व्हॅट १५०. लाइट-पाण्याचं कनेक्शन देवाकडून घ्यायचं, हसू नकोस, दुबईच्या वीज आणि पाणी खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचं देवा होतं, त्यांचं फ्लॅटसाठी डिपॉझिट २०००. मग भाडेकरार रजिस्टर करायचा, त्याला इजारी म्हणतात, त्याचे दोनशेच्या वर. बेरीज कर, २३,००० दिरहमच्या पुढे जाते, म्हणजे साडेपाच लाख रुपयांच्या आसपास, आणि हे पहिला पगार हातात यायच्या आधी. आणि चेकबुक मिळायला बँक अकाउंट पाहिजे, अकाउंटला एमिरेट्स आयडी पाहिजे, आयडीला मेडिकल आणि रेसिडेन्स व्हिसाचं काम व्हावं लागतं, तोवर आठवडे जातात, तोवर तू राहणार कुठे?

वर दर महिन्याच्या देवाच्या बिलात महापालिकेची हाउसिंग फी येते, वर्षाच्या भाड्याच्या पाच टक्के, बारा हप्त्यांत. म्हणजे ६०,०००च्या घराला महिन्याला २५०. नवीन माणसाला पहिलं बिल आलं की वाटतं मीटर बिघडलाय. आणि अनफर्निश्ड म्हणजे किती अनफर्निश्ड, तर बऱ्याच घरांत शेगडीसुद्धा नसते, फ्रिज नाही, वॉशिंग मशीन नाही, पडदे नाहीत. एसीचं बिल वेगळं असतं का तेही विचारावं लागतं, "चिलर फ्री" लिहिलेलं घर असलं तर एसीचं थंड पाणी मालकाकडून, नसलं तर त्या कंपनीचं बिल आणि डिपॉझिट तुझ्या डोक्यावर.

आता मिस्टरांना सांग, ९००० मधून हे सगळं वजा करून दाखवा.

आणखी एक गोष्ट दोन्ही ऑफरच्या कागदावर बघायची, जी कुणीच बघत नाही. "ऑल इन्क्लुझिव्ह" ९००० मध्ये बेसिक किती? कारण ग्रॅच्युइटी तिकडे फक्त बेसिकवर मिळते, वर्षभर नोकरी पूर्ण झाली की दर वर्षामागे २१ दिवसांचं बेसिक, पाच वर्षांच्या पुढे दर वर्षाला ३० दिवसांचं. समज फ्लॅटवाल्या ऑफरमध्ये बेसिक ५००० आहे आणि कॅशवाल्यात ४००० करून बाकीचं हाउसिंग आणि "अदर" मध्ये टाकलंय, तर वर्षाला ३५०० विरुद्ध २८००. दोन वर्षांत १४०० दिरहमचा फरक. त्याने काही आभाळ कोसळत नाही, मी खोटं सांगणार नाही, पण पगार मोठा दिसतो आणि निघताना हातात कमी येतं ते असं. उलटंही असू शकतं, फ्लॅटवाल्या ऑफरमध्येच बेसिक कमी ठेवलेलं. म्हणून दोन्हीचं ब्रेकअप लेखी मागव.

आता फ्लॅट घे म्हणाले म्हणजे फ्लॅट लई भारी असतो असं समजू नकोस.

माझा पहिला फ्लॅट. रात्री एक वाजता ड्रायव्हरने सोडलं, हातात एक किल्ली आणि एक पाकीट. दार उघडलं तर आत भट्टी, एसी बंद होता आठवडाभर. बेडवर गादी होती पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, चादर नाही. किचनमध्ये एक प्लेट, एक वाटी, एक काटा, एक किटली, आणि सगळ्याला स्टिकर. खिडकीला पडदा नाही, समोर बांधकामाचा मोठा दिवा. मी त्या प्लास्टिकवरच ओढणी टाकून झोपले, कूस बदलली की करकर आवाज, आणि सकाळी पाठीला घामाचा चिखल. माझ्याकडचा चार्जर भिंतीत बसेना कारण तिकडे प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन दांड्यांचे. "फर्निश्ड" या शब्दाचा अर्थ प्रत्येक शाळेचा वेगळा असतो बाई. पाकिटात ५०० दिरहम अ‍ॅडव्हान्स होते तेवढ्यावर खालच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानातून चादर, बादली आणि पाव आणला.

त्याच घराने मला दुसऱ्या वर्षी दिलेला झटका अजून आठवतो. जुलै-ऑगस्टची सुट्टी घेऊन परत गेले तर माझी खोली दुसऱ्या कुणालातरी दिलेली, माझं सामान चार खोक्यांत भरून पॅसेजमध्ये, कुकरची शिट्टी हरवलेली, आणि मला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हलवलेलं. विचारायला गेले तर ऑफिस म्हणालं, मॅडम, करारात "अकोमोडेशन" लिहिलंय, कुठली खोली ते लिहिलेलं नाही. खरंच नव्हतं लिहिलं. आणि फ्लॅट सोडताना ओव्हन खराब केला म्हणून ४०० दिरहम कापले, जो ओव्हन मी गेले तेव्हापासून बंदच होता, पण माझ्याकडे पुरावा काय? शाळेचं नाव मी घेत नाही. तू मात्र पहिल्या दिवशी आत पाऊल टाकल्या टाकल्या मोबाइलवर व्हिडिओ काढ, दारापासून गच्चीपर्यंत, गादी उलटी करून, ओव्हन चालू करून, नळ सोडून, आणि तो एचआरला त्याच दिवशी मेल कर. लाज वाटून घेऊ नकोस, इंग्रज-आयरिश टीचर हे डोळे झाकून करतात, आपल्यालाच वाटतं बाई नवीनच आलीय आणि तक्रारी सुरू.

शेअरिंगचं म्हणशील तर तुझी खोली तुझी असेल आणि बाथरूम वेगळं असेल तर निभतं. बाथरूम एकच असेल तर दोन बायका आणि दोघींनाही सहाला बस, कल्पना कर. किचनचं आधी बोलून घ्यायचं. तू कोल्हापूरची, एके दिवशी सुकट भाजशीलच, मला माहितीय, आणि बंद खिडक्यांच्या एसी फ्लॅटमध्ये तो वास पडद्यांत, टॉवेलांत, रूममेटच्या शाळेच्या कार्डिगनमध्ये तीन दिवस राहतो. माझी रूममेट मँचेस्टरची होती, बिचारी काही बोलली नाही, नुसती सेंटेड मेणबत्ती आणून ठेवली ओट्यावर. मी समजले. पुढे आमचं ठरलं, गुरुवारी ती बाहेर जायची तेव्हा माझा मासळीवार. (हे शनिवार-रविवार वीकेंड व्हायच्या आधीचं, तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. २०२२ पासून बदललंय.)

आता तुझ्या खऱ्या मुद्द्याकडे येते, मुलीच्या आणि मिस्टरांच्या. पत्रात ते एका ओळीत आलंय पण सगळा निर्णय खरं तर त्याच ओळीवर आहे.

शाळेच्या शेअर्ड फ्लॅटमध्ये कुटुंब आणता येत नाही. नुसतं जागा नाही म्हणून नव्हे. फॅमिली व्हिसासाठी पगार कमीत कमी ४००० दिरहम, किंवा ३००० आणि राहायची जागा, एवढं तुझं होतंय, पण कागदपत्रांत रजिस्टर्ड भाडेकरार लागतो, आणि शाळेच्या फ्लॅटची इजारी शाळेच्या नावावर असते, तुझ्या नाही. आईने मुलीला स्पॉन्सर करायचं तर वडिलांचं संमतीपत्र लागतं, नवऱ्याला बायकोने स्पॉन्सर करायच्या अटी वेगळ्या असतात आणि बदलतात, ते शाळेच्या पीआरओला विचार, हा पीआरओ म्हणजे आपल्याकडचा जनसंपर्कवाला नव्हे, तिकडे व्हिसाची कामं करणाऱ्या माणसाला पीआरओ म्हणतात आणि त्याच्याशी गोड राहायचं असतं. म्हणजे पुढच्या वर्षी त्यांना न्यायचं असेल तर पुढच्या वर्षी तुझ्या नावावर घर पाहिजे, आणि त्यासाठी पुढच्या वर्षी फ्लॅटऐवजी अलाउन्स मिळाला पाहिजे. हे आत्ताच, सही करायच्या आधी लेखी घ्यायचं. जे काही मागायचं ते फक्त सहीच्या आधी मागता येतं, नंतर "बघू मॅडम" सुरू होतं.

अगदी नुसते भेटायला आले तरी अडचण येते बघ. डिसेंबरच्या सुट्टीत मिस्टर आणि पोरगी व्हिजिट व्हिसावर आले तर ते राहणार कुठे? बऱ्याच शाळांच्या बायकांच्या फ्लॅटमध्ये पुरुष पाहुणा रात्री राहू देत नाहीत, नवरा असला तरी नाही, आणि रूममेटचाही विचार करायला पाहिजे. काही शाळा अशा वेळी रिकामा फ्लॅट देतात, काही थेट नाही म्हणतात. तेव्हा आतेभाऊ उपयोगी पडेल, आठ दिवस त्याच्याकडे मजेत राहा, दोन वर्षं नको.

आणि एक गोष्ट लक्षात ठेव, शाळेचं घर नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की घर गेलं. तिथल्या २०२१ च्या कामगार कायद्यात, तो फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे, लिहिलंय की नोकरी देणाऱ्याने दिलेलं घर नोकरी संपल्यापासून जास्तीत जास्त ३० दिवसांत सोडायचं, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. म्हणजे शाळेने दोन दिवसांत बाहेर हो म्हटलं तर घाबरून बॅग भरू नकोस, आणि उलट शाळेच्या करारात काही वेगळं लिहिलंय का तेही बघून ठेव. त्याच कायद्यात असंही आहे की नोकरी देणाऱ्याने घर द्यायचं किंवा त्याचे पैसे द्यायचे किंवा ते पगारातच धरायचे. म्हणून "ऑल इन्क्लुझिव्ह" म्हणतात त्यात काही बेकायदा नाही, फक्त तुला कळलं पाहिजे की घराचे पैसे त्यातच आले, वर आणखी काही येणार नाही.

याच्या उलट स्वतःच्या नावावर भाड्याचं घर असलं की दुबईत भाडेकरूला बऱ्यापैकी संरक्षण आहे, हे पुण्यात दोनदा घर बदलल्यावर जास्त कळलं मला. रिन्यूअलच्या वेळी भाडं वाढवायचं असेल तर घरमालकाला ९० दिवस आधी कळवावं लागतं. आणि मनाला येईल तेवढं वाढवता येत नाही, सरकारचा इंडेक्स आहे, तुझं भाडं तशाच घरांच्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत असेल तर वाढ शून्य, त्याहून खाली असेल तर पायरीपायरीने पाच, दहा, पंधरा, आणि जास्तीत जास्त वीस टक्के. स्वतः राहायचंय किंवा घर विकायचंय म्हणून बाहेर काढायचं असेल तर बारा महिन्यांची नोटीस, तीही नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली चालत नाही. माझ्या मालकाने मला एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर "प्लीज वेकेट" पाठवून बघितलं होतं, मी त्याला नमस्काराचा इमोजी पाठवला आणि तीन वर्षं राहिले. आणि शाळेचा अलाउन्स मात्र दोन वर्षं तेवढाच राहतो हां, भाडी २०२१ नंतर कशी भडकली ते तिथल्या कुणालाही विचार, अलाउन्सवाल्या टीचर त्या वर्षांत दर रिन्यूअलला शहराच्या एकेक गल्ली बाहेर सरकत होत्या. फ्लॅटवाल्यांना त्याची झळ लागली नाही, ती डोकेदुखी शाळेची.

व्हिजिट व्हिसावर आधी जा आणि तिकडे बसून चांगली शाळा शोध, असंही कुणीतरी सुचवेल तुला, आतेभाऊच सुचवेल बहुतेक. नको. शाळा टीचरचे दोन प्रकार धरतात, बाहेरून आणलेले आणि तिथेच मिळालेले. घर, विमानाचं तिकीट हे सहसा बाहेरून आणलेल्यांना. तू तिकडे पोचलीस आणि मग इंटरव्ह्यू दिलास की लोकल हायर झालीस, त्याच शाळेत, त्याच वर्गावर, शेजारच्या बाईला फ्लॅट आणि तुला नाही. नवऱ्याच्या व्हिसावर असलेल्या टीचरांचं तेच होतं. आत्ता तू कोल्हापुरात बसली आहेस हीच तुझी किंमत आहे, ती घालवू नकोस.

मधल्या मार्गाने स्वस्तात म्हणून बेडस्पेस (नुसता एक पलंग भाड्याने) किंवा पार्टिशन दाखवतील, हॉलमध्ये प्लायवूड लावून केलेल्या खोल्या, त्यात अजिबात शिरू नकोस. परवानगीशिवाय अशी पार्टिशनं करणं दुबईत बेकायदेशीर आहे, २०२५ च्या उन्हाळ्यात महापालिकेने रिग्गा, सतवा, बरशा वगैरे भागांत अशा घरांवर मोठी कारवाई केली, आणि मुख्य म्हणजे आग लागली तर बाहेर पडायला वाट नसते. रीतसर शेअरिंग करायचं तर घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव दुबई रेस्ट नावाच्या अ‍ॅपवर नोंदवावं लागतं.

आता भीतीचं. "प्रश्न विचारले तर ऑफर जाईल." अगं, ऑगस्टला जॉइनिंग असलेली गणिताची टीचर शोधणं हे त्यांच्यासाठी सोपं नसतं, गणित आणि फिजिक्सच्या माणसांना जगभर मागणी आहे. दोन-चार नीट प्रश्न विचारल्याने कुठलीच धड शाळा ऑफर मागे घेत नाही, आणि घेतली तर सुटलीस म्हण. एकच मेल कर, फोन नको, फोनवरचं सगळं हवेत जातं. मजकूर असा काहीतरी ठेव, इंग्रजीत करून घे:

"मी पहिल्या वर्षासाठी शाळेचा फ्लॅट स्वीकारायला तयार आहे. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. माझी खोली आणि बाथरूम स्वतंत्र असेल का, आणि वर्षाच्या मध्ये किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत खोली बदलली जाईल का. फ्लॅटमध्ये दोनपेक्षा जास्त व्यक्ती ठेवल्या जाणार नाहीत ना. फर्निश्डमध्ये नेमक्या कोणत्या वस्तू येतात. सुट्टीच्या काळातलं लाइटबिलही शाळाच भरेल का. कुटुंब भेटीला आल्यास काय सोय आहे. दुसऱ्या वर्षी कुटुंब आणायचं ठरल्यास फ्लॅटऐवजी महिना २५०० दिरहम हाउसिंग अलाउन्स मिळेल का आणि त्यासाठी किती महिने आधी कळवावं लागेल. भाड्याच्या पहिल्या चेकसाठी शाळा अ‍ॅडव्हान्स देते का. आणि टीचरच्या मुलीला फीमध्ये सवलत किती."

ते अ‍ॅडव्हान्सचं मुद्दाम घातलंय, बऱ्याच शाळा घरभाड्यासाठी रक्कम आधी देतात आणि पगारातून महिन्याला कापून घेतात, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. आणि लाइटबिलाचं यासाठी की उन्हाळ्यात घर दोन महिने बंद राहतं, एसी पूर्ण बंद केला तर दमट हवेने बुरशी धरते, मी एकदा परत गेले तर कपाटातल्या चपला हिरव्या आणि पुस्तकांच्या कडांना लव आलेली, म्हणून तिकडे लोक एसी पंचवीस-सव्वीसवर चालू ठेवून गावी जातात. मग ते बिल कुणाचं, हा प्रश्न सप्टेंबरमध्ये उभा राहतो.

एजन्सीमार्फत जात असशील आणि त्यांनी "फ्लॅट बुक करायला डिपॉझिट भरा" म्हटलं तर एक रुपया देऊ नकोस. भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचा नाही असा तिथला कायदा आहे, शाळेच्या फ्लॅटसाठी कोल्हापुरातून पैसे भरायचं तर काही कारणच नाही. आणि शाळेच्या लेटरहेडवर काहीही असो, तिथल्या कामगार मंत्रालयाचं जे ऑफर लेटर येतं त्यात बेसिक आणि घराचं काय लिहिलंय ते शाळेच्या कागदाशी जुळतंय का ते बघूनच सही कर. दुबईत न जाता दुसरीकडे कुठे गेलीस तर मात्र हे नियम विसर, प्रत्येक देशाचं वेगळं, चीनमध्ये तर नवीन घरात गेल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते.

दुसऱ्या वर्षी घर शोधशील तेव्हा शाळेच्या जवळच बघ असं नाही, बघायचं ते मेट्रोच्या जवळ किंवा शाळेच्या बसच्या रस्त्यावर, कुसैस, नहदा, करामा हे आपल्या लोकांचे भाग, करामात तर कढीपत्ता आणि ओल्या नारळासाठी कुठे जावं लागत नाही. पण मुलीची शाळा जर तुझीच असेल तर दोघी एकाच बसने जाल, ते सगळ्यात सोपं. पहिल्या वर्षात तुला हे भाग पायाखालून जातील, कुठल्या बिल्डिंगचा वॉचमन चांगला, कुठे पार्किंगची मारामारी, हे वेबसाइटवर कळत नाही, फ्लॅटमध्ये राहून शनिवारी फिरत फिरत कळतं. आणि त्या वर्षात ते २३,००० साठव, महिन्याला दोन हजार बाजूला टाकलेस तर बरोबर बारा महिन्यांत होतात. मिस्टरांना हाच आकडा दाखव, वाचवायचेच आहेत ना, मग असे वाचवू.

मेलचं उत्तर आलं की मला कळव. आणि फ्लॅटचा पत्ता मिळाला की मॅपवर शाळेपर्यंतचं अंतर दुपारी बघू नकोस, तिथल्या सकाळी सव्वासहाला बघ, म्हणजे आपल्याकडे पावणेआठ.